गाडी चालवायला नंबरचा गॉगल: आपोआप काळा होणारा आणि पोलराईज्ड, दोन्ही एकातच घ्यावा का?

जेव्हीएलआरची_वारकरी

नमस्कार मंडळी. प्रश्न चष्म्याचा आहे, पण आधी रस्ता सांगावा लागेल.

राहायला जोगेश्वरी पूर्वेला, नोकरी ऐरोलीत. सकाळी आठला निघते. जेव्हीएलआरने, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने, पवई, कांजूर, मग ईस्टर्न एक्सप्रेसने मुलुंड आणि पुढे ऐरोलीचा पूल. दिशांचं भान असलेल्यांच्या लक्षात आलं असेल की सकाळी माझं तोंड पूर्वेला आणि संध्याकाळी पश्चिमेला. दोन्ही वेळा सूर्य माझ्याच डोळ्यांत. माझी नणंद राहते ऐरोलीला आणि कामाला येते अंधेरीत. तिला गॉगल कशाला लागतो हेच कळत नाही.

नंबर दोन्ही डोळ्यांना उणे सव्वाचार, उजव्याला पाऊण सिलिंडर, वर चाळिशीचा दीड. प्रोग्रेसिव्ह लावते, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच भिंगात. त्यामुळे लिंकिंग रोडवरचा गॉगल उचलला आणि निघाले, हे जमणारं नाही. चष्म्यावर अडकवायची क्लिप वापरून पाहिली. तिच्या वजनाने चष्मा घामेजल्या नाकावरून खाली येतो, आणि ऐन पवईच्या गर्दीत एक हात नाकाशी ठेवणं परवडत नाही.

आत्ताचा चष्मा फोटोक्रोमॅटिक आहे, गल्लीतला चष्मेवाला ज्याला 'डे-नाईट' म्हणतो तो. त्याचं वागणं मला कळलेलं नाही. ढगाळ दिवशी नुसती भाजी आणायला खाली उतरले तरी काळा होतो. गाडीत मात्र समोर सूर्य आग ओकत असतो आणि हा पांढराशुभ्र. ईस्टर्न एक्सप्रेसवर ऊन उजव्या खिडकीतून येतं. एकदा काच खाली करून गेले आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये आरशात पाहिलं, तर उजवं भिंग काळपट आणि डावं फिकं. एका डोळ्याला कोणीतरी ठोसा मारल्यासारखा चेहरा झाला होता.

आता नवीन करायचाय. एका दुकानात सांगितलं, "मॅडम, फोटोक्रोमॅटिक आणि चमक कापणारं पोलराईज्ड एकाच भिंगात येतं, तेच घ्या, दिवसरात्र एकच चष्मा." फ्रेम सोडून नुसत्या भिंगांचे बावीस हजार. दुसऱ्या दुकानात म्हणे पोलराईज्ड नको, सगळे स्क्रीन काळे दिसतात, त्यापेक्षा नाईट ड्रायव्हिंगचा पिवळा घ्या. मी दिवसाबद्दल विचारत होते हो!

बावीस हजार द्यायला हरकत नाही, पण गाडीत तो काळाच होणार नसेल तर काय उपयोग? कोणी वापरलाय का? रंग कुठला? आणि मेट्रोच्या पुलाखाली क्षणात ऊन, क्षणात सावली असं चालतं, तिथे हे आपोआपवालं भिंग काय करतं?

बोरिवलीचा_बाप्या

एवढं कशाला? काचेला फिल्म मारून घ्या, विषय संपला.

जेव्हीएलआरची_वारकरी

@बाप्या, 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मना मनाई केली तेव्हाच ऐरोली नाक्यावर हवालदाराने आमच्या आधीच्या गाडीची फिल्म माझ्यासमोर सोलून काढली होती. समोरच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आत यायलाच हवा असा नियम आहे. शिवाय सूर्य समोरून येतो, तिथे फिल्म लावून काय, चाचपडत जाऊ?

भिंगरी

वारकरीताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, चष्मे तपासते, विकत नाही. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

तुमचा चष्मा बिघडलेला नाही, तो त्याच्या स्वभावाने वागतोय. ही भिंगं डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाने काळी होत नाहीत, मुख्यतः अतिनील किरणांनी होतात. ढगांतून अतिनील बऱ्यापैकी खाली येतं, म्हणून भाजीवाल्याकडे काळा. गाडीची समोरची काच म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली काच असते. अपघातात तुकडे उडू नयेत म्हणून तो पापुद्रा, पण तो अतिनील जवळजवळ सगळंच अडवतो. भिंगापर्यंत निरोपच पोचत नाही. बाजूची काच साधी टफन्ड असते, तिच्यातून थोडं येतं, आणि काच खाली केली की सगळंच. म्हणून तुमचं उजवं भिंग काळं.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. ही भिंगं गरम झाली की कमी काळी होतात. महाबळेश्वरला डिसेंबरात जो चष्मा काळाकुट्ट होतो, तोच मुंबईत मे महिन्याच्या दुपारी जेमतेम राखाडी होईल. म्हणजे जिथे जास्त गरज, तिथेच हात आखडता.

यावर कंपन्यांनी उपाय काढलेत. ट्रान्झिशन्स कंपनीचं एक्स्ट्राअ‍ॅक्टिव्ह नावाचं भिंग थोडं दृश्य उजेडालाही जागतं, त्यामुळे गाडीत काही प्रमाणात गडद होतं. त्याचीच पोलराईज्ड आवृत्ती आहे, बहुधा तेच तुम्हाला दाखवलं. पण त्यात पोलराईज होणं हे गडद होण्यावरच अवलंबून आहे. उन्हात उभ्या राहिलात तर छान. गाडीत गडदपणा अर्धवट, तर पोलराईजही अर्धवट. तुम्हाला गॉगल हवाय गाडीसाठी आणि हे भिंग पूर्ण ताकद दाखवणार गाडीबाहेर. बावीस हजार त्यासाठी द्यावेत असं मला वाटत नाही.

ड्राइव्हवेअर म्हणून आणखी एक प्रकार आहे, खास गाडी चालवणाऱ्यांसाठी काढलेला. तो कायम पोलराईज्ड असतो आणि समोरच्या काचेमागेही रंग बदलतो. मंद उजेडात हिरवट-पिवळा, गाडीत उन्हात तांबूस, बाहेर लालसर तपकिरी. तुमच्या गरजेला सगळ्यात जवळचा हाच. पण तो पूर्ण पांढरा कधीच होत नाही, म्हणजे रात्री चालत नाही. थोडक्यात दुसरा चष्मा गाडीत ठेवायचाच आहे. आणि दोन चष्मे ठेवायचेच असतील तर मग साधं, न बदलणारं पोलराईज्ड भिंग का नको? स्वस्त पडतं, कुठेही बनवून मिळतं, आणि गडदपणा किती ते तुम्ही ठरवता, हवामान नाही.

मेट्रोच्या पुलाचं विचारलंत. भिंग काळं व्हायला अर्धा-एक मिनिट घेतं, पण परत पांढरं व्हायला कितीतरी मिनिटं. कोस्टल रोडचा प्रियदर्शिनी पार्क ते गिरगाव चौपाटी बोगदा दोन किलोमीटरचा आहे, साठच्या वेगाने दोन मिनिटांत संपतो. भिंग उजळेपर्यंत तुम्ही पुन्हा उन्हात. जेव्हीएलआरच्या खांबांची तर बातच नको. ते काम तुमची बाहुली करते, भिंग नाही.

पिवळ्या चष्म्याबद्दल एकच वाक्य: रात्री आधीच उजेड कमी असतो, त्यातला आणखी अडवून जास्त दिसत नाही.

मुलुंड_डेपो_निवृत्त

ताई, मी बेस्टमध्ये चालक होतो, सगळी नोकरी मुलुंड आणि विक्रोळीकडे गेली. तुमचा रस्ता माहिती आहे. आमच्या वेळी आपोआप काळी होणारी काचेची भिंगं असायची, फोटोसन म्हणायचे. नाकाला वळ पडायचे.

गॉगल घ्या, पण आधी समोरची काच आतून पुसा. बाहेरून सगळे पुसतात. आतून नवीन गाडीच्या प्लास्टिकची वाफ बसते, एसीचा ओलावा बसतो, त्यावर धूळ. सावलीत काही दिसत नाही, पण सूर्य समोर आला की सगळी काच दुधाळ होते आणि माणूस म्हणतो डोळे दिपले. धुतलेलं सुती फडकं, जुन्या धोतराचं असेल तर उत्तम, थोडं पाणी, मग कोरडं. पोरं काच पुसायला तेच फडकं वापरतात ज्याने डॅशबोर्डला पॉलिश लावतात. मग बोंबलतात. वायपरचे रबरही बघा, गोल चरे पडले असतील तर कुठलाही गॉगल ते झाकत नाही.

आणि आठच्या सुमाराला सूर्य कमरेला असतो, तेव्हा समोरची सनशेड खाली आणि टोपी डोक्यावर. बाकी सगळं नंतर.

भिंगरी

काकांनी लाखातलं सांगितलं. आणि त्यावर माझी भर, कारण दुकानात पोलराईज्डबद्दल जादू असल्यासारखं बोलतात.

सपाट पृष्ठभागावरून, म्हणजे रस्ता, पाणी, गाडीचं बॉनेट, यांवरून परतलेला उजेड बराचसा आडव्या दिशेत कंप पावणारा असतो. पोलराईज्ड भिंग तेवढा आडवा अडवतं. म्हणून पवई तलावाची चमक मरते आणि पाणी दिसतं. पण सूर्याकडून थेट येणारा उजेड असा एका दिशेचा नसतो. तो भिंगाच्या रंगामुळे कमी होईल, पण चमक कापल्यासारखा गायब होणार नाही. शिवाय पाण्यावरून परतलेल्या उजेडात हा परिणाम सगळ्यात जास्त असतो तो सूर्य क्षितिजापासून साधारण 37 अंश वर असताना. अगदी खाली असताना परतलेली चमकही फारशी कापली जात नाही. म्हणजे सकाळी आठला तुम्हाला पोलराईज्डचा फायदा कमी, दहाला जास्त. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर मला शिव्या द्याल.

एक फायदा मात्र दिवसभर मिळेल. डॅशबोर्डवरच्या वस्तूंचं प्रतिबिंब समोरच्या काचेत दिसतं ना? काच ज्या कोनात तिरकी असते त्यात ते प्रतिबिंब बहुतेक आडव्याच उजेडाचं असतं. ते जवळजवळ पुसलं जाईल.

आता तुमच्या नंबरासाठी. रंग राखाडी घ्या किंवा तपकिरी. राखाडीत रंग आहेत तसे राहतात, तपकिरीत खड्डा आणि डांबर यांतला फरक जरा उठून दिसतो. मुंबईत मी तपकिरीला मत देईन, कारण स्पष्ट आहे. निळा-गुलाबी नको, सिग्नलचे रंग गोंधळतात. गडदपणा साधारण 80 ते 85 टक्के, म्हणजे पंधरा-वीस टक्के उजेड आत येईल असा. तयार गॉगलच्या काडीवर आतून कॅटेगरी लिहिलेली असते. 3 म्हणजे 8 ते 18 टक्के उजेड आत, नेहमीचा गॉगल. 4 असेल तर तो बर्फात चालायला, गाडीत बंदी. भिंगाच्या आतल्या बाजूला एआरसी, म्हणजे चमक परतू न देणारा थर, घ्याच, कारण मागून आलेला उजेड गडद भिंगावर आपटून डोळ्यांतच येतो.

फ्रेम फार वळलेली नको. गालापर्यंत वेढणाऱ्या फ्रेममध्ये उणे चारच्या वर कडेला विचित्र ओढल्यासारखं दिसतं. काड्या बारीक घ्या. कानाकडे जाणाऱ्या त्या रुंद पट्ट्या फॅशनच्या आहेत, पण नेमक्या तिथूनच डाव्या बाजूने दुचाकी घुसते.

आणि पैसे वाचवायचे असतील तर: गॉगलमध्ये प्रोग्रेसिव्ह घालूच नका. फक्त लांबचा नंबर. तुमचा जवळचा दीडच आहे, स्पीडोमीटर हातभर अंतरावर असतो, तो या वयात लांबच्या नंबरातूनही बहुधा वाचता येईल. दुकानदाराला म्हणा, ट्रायल फ्रेममध्ये नुसता लांबचा नंबर घालून द्या, आणि गाडीत बसून काटा वाचून बघा. वाचता आला तर प्रोग्रेसिव्हचे पैसे वाचले, शिवाय बाजूच्या आरशात बघताना कडेचा धूसर भाग आड येणार नाही. मोबाईल वाचता येणार नाही. तो गाडीत वाचायचाही नाही.

जाता जाता. उजेडाचा त्रास अलीकडे अचानक वाढला असेल, किंवा रात्री समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसत असतील, तर गॉगलच्या आधी डोळे तपासून घ्या. मोतिबिंदूची सुरुवात अशीही कळते.

स्प्लेंडर_ठाणे

दुचाकीवाल्यांसाठी कोणी बोलत नाही म्हणून मी. हेल्मेटची काच पॉलिकार्बोनेटची असते, तीही अतिनील अडवते. त्यामुळे डे-नाईट चष्मा हेल्मेटमध्ये तितकाच पांढरा. आणि पोलराईज्ड लावून काचेतून पाहिलं तर इंद्रधनुष्यी पट्टे दिसतात, डोकं उठतं.

मुख्य म्हणजे रस्त्यावर सांडलेलं डिझेल आणि ओली पांढरी पट्टी चमकीवरून ओळखतो आपण. पोलराईज्डमध्ये ती चमकच जाते. चारचाकीला फरक पडत नसेल, आमचं हाड मोडतं. मी साधा रंगीत नंबरचा घेतला, पोलराईज्ड नाही.

भिंगरी

@स्प्लेंडर, अगदी बरोबर. दुचाकीला मीही साधा टिंटच सांगते.

जेव्हीएलआरची_वारकरी

सगळ्यांचे आभार. गॉगल हातात आलाय, म्हणून अनुभव लिहिते.

बावीस हजारवाल्या दुकानात परत गेलेच नाही. दादरला एका जुन्या दुकानात गेले. तिथल्या काकांनी न कुरकुरता ट्रायल फ्रेम दिली, वर पोलराईज्डचा एक नमुन्याचा तुकडाही दिला आणि म्हणाले, "जा, बाहेर गाडीत बसून बघा, मी कुठे पळतोय." पोलराईज्ड खरं आहे का ते बघायची रीतही त्यांनीच दाखवली. दोन तुकडे एकावर एक धरायचे आणि एक फिरवायचा. आडवा-उभा झाला की मधून अंधार. नुसता रंगीत असेल तर फिरवून काही होत नाही.

गाडीत बसले. स्पीडोमीटर लांबच्या नंबरातून स्वच्छ वाचता आला, एसीच्या बटणांवरची बारीक चित्रं नाही. चालेल, ती बटणं मला पाठ आहेत. मग तो तुकडा डोळ्यासमोर धरला. डॅशबोर्डवर आमचा छोटा गणपती असतो, त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत कायम तरंगत असतं. इतकी सवय झाली होती की मला ते दिसत होतं हेच मी विसरले होते. तुकडा धरल्याबरोबर काचेतला गणपती नाहीसा झाला आणि मागे रानडे रोडवरचा केळीवाला दिसायला लागला. तुकडा फिरवला, गणपती परत. पार्किंगवाला शिट्टी मारेपर्यंत मी हेच करत बसले होते.

तपकिरी घेतला, 80 टक्के, फक्त लांबचा नंबर, आत एआरसी. फ्रेमसकट बावीस हजारांच्या निम्म्याहूनही खूप खाली बसला.

भिंगरीताईंनी सांगितलं तसंच आहे. आठ वाजता, सीप्झ ओलांडून पुढे गेलं की सूर्य सरळ समोर, तिथे गॉगल जेमतेम मदत करतो. सनशेड खाली, आणि हो काका, काच आतून पुसली. फडकं काळं निघालं. परतताना पाचला निघाले तर ऐरोलीच्या पुलावर खाडीच्या पाण्याची चमक अजिबात नाही, पाण्याचा खरा मातकट रंग दिसतो. तो बघून आनंद झाला असं म्हणवत नाही.

तक्रारी दोन. पुढच्या गाड्यांच्या मागच्या काचेवर ठिपक्याठिपक्यांची नक्षी दिसते. आधी वाटलं माझं भिंग खराब, पण गाडी बदलली की नक्षी बदलते. आणि पेट्रोल पंपावर आकडाच दिसेना. पोरगा म्हणाला, "शून्य बघा मॅडम," आणि मी मान वाकडी करून बघतेय. गाडीचा स्क्रीन ठीक आहे. मोबाईल स्टँडवर उभा असला की नकाशा दिसतो, आडवा केला की काळा.

आणि पावसाळ्यात काय करायचं? ओल्या रस्त्यावर चमक असते, पण उजेड मुळातच कमी.

भिंगरी

नक्षी काचेची आहे, भिंगाची नाही. टफन्ड काच तापवून झटकन गार करतात, त्यात जे ताण राहतात ते पोलराईज्डमधून दिसतात. मोबाईल उभाच ठेवा. काही मोबाईल उलटे वागतात, उभे काळे आणि आडवे ठीक. गाडीत नवीन मोबाईल आणलात तर आधी बघून घ्या.

पावसाळ्यात उघडीप असेल, रस्ता ओला आणि ऊन, तेव्हा हाच गॉगल सोन्यासारखा. जोराची सर आली, आभाळ भरलं, की काढा आणि साधा चष्मा लावा. संध्याकाळी दिवे लागले की तेच. त्यासाठी गाडी सिग्नलला थांबलेली असावी, चालू गाडीत अदलाबदल नको. दोन्ही डबे वेगळ्या आकाराचे ठेवा म्हणजे न बघता हाताला कळतं.

जेव्हीएलआरची_वारकरी

डबा डॅशबोर्डवर गणपतीच्या बाजूला ठेवते, चालेल ना?

भिंगरी

नको. उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्ड भयंकर तापतो, त्यावर एआरसीला बारीक भेगा पडतात आणि पोलराईज्डचा थर सुटायला लागतो. दाराच्या कप्प्यात किंवा पर्समध्ये. आणि पुसताना ओढणी नाही, आधी नळाखाली धूळ घालवा, मग मऊ कापड.

मुलुंड_डेपो_निवृत्त

गणपतीखाली रबरी चटई घाला ताई, ब्रेक मारला की सरकतो.